६४ बिटवर आल्यापासून शेल स्क्रिप्टमध्ये टच चुकतो: न दाबलेलं बटण लागतं, टॅप गळतात

काटा_पॅनल

नमस्कार मंडळी. दूध संकलन केंद्रात वजनकाट्याशेजारी लावायचं पॅनल आहे. रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा संगणक), सोबत अधिकृत ७ इंची डीएसआय टचस्क्रीन, ८०० × ४८०. डेस्कटॉप नाही, चित्र थेट फ्रेमबफरवर (स्क्रीनवरच्या चित्राची मेमरी). स्क्रीनचे चार सारखे भाग केलेत: वर डावीकडे गाय, वर उजवीकडे म्हैस, खाली डावीकडे रद्द, खाली उजवीकडे सेव्ह. प्रत्येक बटण ४०० × २४०.

स्क्रिप्ट साध्या शेलमध्ये आहे. लूपमध्ये दर वेळी

डीडी आयएफ=/डेव्ह/इनपुट/इव्हेंट० बीएस=१६ काउंट=७

चालवून (डीडी ही बाइट वाचणारी कमांड, बीएस म्हणजे एका वेळचे बाइट, काउंट म्हणजे किती वेळा) ओडीने, म्हणजे बाइट आकड्यांत छापणाऱ्या कमांडने, आकडे काढते. दुसऱ्या रेकॉर्डमधला आकडा क्ष, तिसऱ्यामधला य. ३२ बिट इमेजवर हे कसंबसं चालत होतं. ६४ बिट इमेज टाकल्यावर डीडी 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून लगेच बाहेर पडायला लागलं. बीएस २४ केल्यावर ती एरर गेली, पण:

– पहिला टॅप बरोबर लागतो. त्यानंतर म्हैस दाबलं तरी अधूनमधून गाय लागते, आणि काही टॅप पूर्ण गळतात.
– दुसऱ्या एका पायवर युनेम (सिस्टिमची माहिती देणारी कमांड) 'ए-आर्च-६४', म्हणजे ६४ बिट, दाखवतं, तरी तिथे २४ ने वाचलं की सगळा कचरा येतो.
– डीडी काढून ओडीची थेट पाइप व्हाइल-रीडला (ओळ-ओळ वाचणारा लूप) दिली, तर चार-पाच टॅपपर्यंत काहीच होत नाही आणि मग सगळे एकदम येतात.

इव्हटेस्टमध्ये (इनपुट इव्हेंट दाखवणारं टूल) मात्र दोन्हीकडे टच व्यवस्थित दिसतो, म्हणून हार्डवेअरवर संशय नाही. सी किंवा पायथनमध्ये न जाता हे शेलमध्येच नीट बसवता येईल का?

शेल_आणि_पाइप

येईल. आधी रेकॉर्डच्या लांबीचं बघू, कारण ती चुकली तर पुढचं काहीच जुळणार नाही.

एका इनपुट इव्हेंटमध्ये वेळ, प्रकार (२ बाइट), कोड (२ बाइट) आणि मूल्य (४ बाइट, चिन्हासह) असतं. वेळेला ३२ बिट प्रोग्रॅममध्ये ८ बाइट लागतात आणि ६४ बिटमध्ये १६. म्हणून एकूण १६ किंवा २४. इथे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) किती बिटचा आहे याला महत्त्व नाही, वाचणारा प्रोग्रॅम किती बिटचा आहे ते बघायचं. ६४ बिट कर्नलवर ३२ बिट डीडी चालत असेल, तर कर्नल त्याला १६ बाइटचेच रेकॉर्ड देतो. पाय ४ वर ३२ बिट रास्पबेरी पाय ओएससुद्धा ६४ बिट कर्नल घेऊन बूट होते, त्यामुळे युनेमवर विसंबू नका. 'गेटकॉन्फ लाँग_बिट' विचारा, तिथे ३२ आलं की रेकॉर्ड १६ चा. बिझीबॉक्सवाल्या (नेहमीच्या कमांडांचा छोटा संच) इमेजमध्ये गेटकॉन्फ नसेल तर /बिन/एसएच या फाइलचा पाचवा बाइट बघा: १ असेल तर ३२ बिट, २ असेल तर ६४.

दुसऱ्या पायवर कचरा का येतो तेही यातच आहे. इव्हडेव्ह (कर्नलचा इनपुट इव्हेंट देणारा भाग) नेहमी पूर्ण रेकॉर्डच देतो, अर्धा कधीच देत नाही. २४ बाइट मागितले आणि रेकॉर्ड १६ चा असेल, तर एका रीडला १६ च मिळतात. ओडी मात्र २४-२४ चे तुकडे पाडतं आणि सगळं सरकतं. डीडीची शेवटची ओळ बघा: ७+० असेल तर लांबी बरोबर, ०+७ असेल तर प्रत्येक रीड अपुरा आलाय. उलट रेकॉर्डपेक्षा कमी बाइट मागितले की तुम्हाला आली तीच 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येते. त्यामुळे डीडीची ती आकड्यांची ओळ निदान सुरुवातीला तरी डेव्ह-नलमध्ये (आलेलं सगळं टाकून देणारी रिकामी फाइल) ढकलू नका.

ओडीला द्यायचं ते असं: पत्ता बंद (वजा कॅपिटल ए, मग एन), वजा व्ही, वजा टीयू२, आणि वजा डब्ल्यू२४ किंवा डब्ल्यू१६. वजा व्ही विसरलात तर सारख्या ओळींच्या जागी ओडी नुसता तारा छापतं. ६४ बिटवर एका ओळीत १२ आकडे येतात: पहिले ८ वेळेचे, नववा प्रकार, दहावा कोड, अकरावा मूल्याचा खालचा अर्धा, बारावा वरचा अर्धा. ३२ बिटवर ८ आकडे: पाचवा प्रकार, सहावा कोड, सातवा आणि आठवा मूल्य. बायनरी थेट शेलच्या व्हेरिएबलमध्ये घ्यायला जाऊ नका, शून्य बाइट तिथे टिकत नाहीत.

कर्नलकट्टा

लांबीचं वर आलंच आहे. पण गाय लागण्याचं कारण त्यात नाही. ते 'दुसरा रेकॉर्ड क्ष, तिसरा य' या गृहीतकात आहे, आणि शेलमधल्या बहुतेक टच स्क्रिप्टा इथेच अडकतात.

म्हैसवर एक टॅप केला की या स्क्रीनवर साधारण असं येतं (वेळेचे आकडे सोडून, क्रम प्रकार, कोड, खालचा अर्धा, वरचा अर्धा):

३ ५७ ४१ ०
३ ५३ ६१२ ०
३ ५४ ११८ ०
१ ३३० १ ०
३ ० ६१२ ०
३ १ ११८ ०
० ० ० ०

बोट उचललं की:

३ ५७ ६५५३५ ६५५३५
१ ३३० ० ०
० ० ० ०

५७ हा ट्रॅकिंग आयडी, उचलल्यावर तो उणे १ होतो, म्हणून दोन्ही अर्धे ६५५३५. ५३ आणि ५४ ही मल्टिटचची क्ष आणि य. ३३० म्हणजे बीटीएन टच. ० आणि १ ही जुन्या पद्धतीची, एका बोटाची क्ष आणि य. शेवटची सगळी शून्यांची ओळ म्हणजे सिन रिपोर्ट: एक फ्रेम पूर्ण झाली.

आता बघा. तुमचं डीडी सात रेकॉर्ड घेऊन बंद होतं, स्क्रिप्ट पटकन पुढची फेरी सुरू करते आणि बोट अजून स्क्रीनवरच असतं. नव्या डीडीला आधी उचलण्याचे ३ रेकॉर्ड मिळतात आणि मग पुढच्या टॅपचे पहिले ४. त्यातला दुसरा रेकॉर्ड '१ ३३० ०', तिसरा सगळी शून्यं. म्हणजे तुमच्या हिशेबाने क्ष शून्य, य शून्य. तो डावा वरचा कोपरा, तिथे गाय.

दुसरी गंमत त्याहून लपलेली. जे मूल्य बदललं नाही, ते कर्नल पाठवतच नाही. बोट पुन्हा क्ष ६१२ वरच पडलं आणि य फक्त १३१ झाला, तर एवढंच येतं:

३ ५७ ४२ ०
३ ५४ १३१ ०
१ ३३० १ ०
३ १ १३१ ०
० ० ० ०

पाचच रेकॉर्ड, आणि दुसऱ्या जागी य. म्हणजे क्ष १३१, य १, परत गाय. शिवाय सात पुरे करायला डीडी बोट उचलेपर्यंत थांबून राहणार. मोजून वाचायची पद्धत इथे मुळातच चालत नाही. टचस्क्रीन क्लिक पाठवत नाही, काय बदललं तेवढंच पाठवते. बाकीचं लक्षात ठेवणं स्क्रिप्टचं काम.

म्हणून तीन व्हेरिएबल ठेवा: क्ष, य, दाब. ती फेरीगणिक रिकामी करायची नाहीत. ऑकमध्ये (ओळी तपासून काम करणारी छोटी भाषा) प्रत्येक ओळीसाठी:

प्रकार ३, कोड ० → क्ष बदला
प्रकार ३, कोड १ → य बदला
प्रकार १, कोड ३३० → दाब बदला
प्रकार ०, कोड ० → आता ठरवा
प्रकार ०, कोड ३ → पुढच्या सिन रिपोर्टपर्यंतचं सगळं सोडून द्या, दाब ० धरा

ठरवायचं फक्त सिन रिपोर्टवर. वरच्या फ्रेममध्ये ३३० हा ० आणि १ च्या आधी आलाय. ३३० दिसताच बटण चालवलंत तर मागच्या टॅपचे क्ष-य वापरले जातील. एसपीआयवरच्या एडीएस७८४६ आणि एक्सपीटी२०४६ या रेझिस्टिव्ह (दाबाने चालणाऱ्या) स्क्रीनच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्येही क्रम असाच आहे.

५३-५४ ऐवजी ०-१ घ्या असं मी म्हणेन. ५३-५४ घेतले तर कोड ४७, म्हणजे स्लॉटही सांभाळावा लागतो. दुसरं बोट किंवा तळहात टेकला की स्लॉट १ सुरू होतो आणि त्याचे आकडे पहिल्याच्या डोक्यावर बसतात. ०-१ मध्ये सगळ्यात आधी टेकलेल्या बोटाचेच आकडे येतात. चार बटणांच्या पॅनलला तेवढं पुरे.

बटण दाबल्यावर नको, उचलल्यावर चालवा. दाब ० चा १ झाला त्या फ्रेममधले क्ष-य बाजूला ठेवा. १ चा ० झाला की आताचे क्ष-य त्याच बटणात आहेत का बघा, असतील तरच काम करा. चुकून सेव्हवर बोट पडलं तर माणूस घसरवून बाहेर काढू शकतो. पैशाच्या नोंदीला हे हवंच.

प्रकार ०, कोड ३ हा सिन ड्रॉप्ड. वाचणारा मागे पडला आणि कर्नलचा बफर भरला की तो येतो. बफर किमान ६४ इव्हेंटचा असतो, बोट फिरवत ठेवलं तर भरायला वेळ लागत नाही. तो आला की मधलं काहीतरी गेलंय, अंदाज बांधून बटण लावू नका.

शेल_आणि_पाइप

वरच्यात एक जोडतो. लूपमध्ये दर वेळी डिव्हाइस नव्याने उघडणं बंद करा. प्रत्येक वाचणाऱ्याला त्याचा स्वतंत्र बफर मिळतो आणि तो उघडल्या क्षणापासूनच भरतो. दोन डीडींच्या मधल्या फटीत आलेलं कुणालाच मिळत नाही. गळणारे टॅप तेच.

आता टॅप साठून एकदम येण्याचं. ओडीचं आउटपुट पाइपमध्ये गेलं की सी लायब्ररी ते ४०९६ बाइट भरेपर्यंत धरून ठेवते. तुमची एक ओळ ७३ बाइटची (१२ आकडे × ६ अक्षरं, अधिक ओळ संपल्याचं चिन्ह), म्हणजे साधारण ५६ ओळी साठल्यावरच पहिली बाहेर पडते. एका टॅपच्या १० ओळी धरा, बोट जरा हललं तर जास्त. चार-पाच टॅपचा हिशोब बरोबर जुळतो.

ओडीच्या आधी 'एसटीडीबफ वजा ओएल' लावा. मग ऑक. रास्पबेरी पाय ओएसवर ऑक म्हणजे बहुधा मॉक असतं आणि ते स्वतः इनपुट साठवून ठेवतं, त्याला 'वजा कॅपिटल डब्ल्यू इंटरअॅक्टिव्ह' द्यावं लागतं. गॉकला हे लागत नाही. दोन्हीत प्रत्येक प्रिंटनंतर एफफ्लश. या तिन्हीपैकी एक राहिलं तरी लक्षण तेच दिसतं आणि दोष कुठे आहे ते कळत नाही, म्हणून तिन्ही एकदम करा.

एसटीडीबफ नसलेल्या बिझीबॉक्स इमेजसाठी: 'एक्झेक ३<' ने डिव्हाइस एकदाच उघडा आणि लूपमध्ये डीडीला इनपुट त्या ३ नंबरमधून द्या, बीएस=१५३६ काउंट=१ (६४ × २४; ३२ बिटवर १०२४). रीड भरेपर्यंत थांबत नाही. जे साठलंय तेवढं देतो, निदान एक रेकॉर्ड असला की पुरे. त्यामुळे एका डीडीत अख्खी फ्रेम येते आणि ते संपताच आउटपुट पुढे जातं. दर रेकॉर्डला एक डीडी चालवलंत तर बोट फिरवताना प्रोसेस सुरू करण्यातच सीपीयू जाईल. आणि क्ष, य, दाब ही व्हेरिएबलं लूपबाहेरच्या शेलमध्ये ठेवा. पाइपच्या उजवीकडच्या व्हाइलमध्ये ठेवलीत तर लूप संपताच जातात.

काटा_पॅनल

खूप आभार. ऑकमधून सिन रिपोर्टवर ठरवल्यावर गाय लागणं पूर्ण थांबलं, दुसऱ्या पायवर १६ केल्यावर कचराही गेला. तीन गोष्टी राहिल्यात. सेव्हला प्रिंटरमुळे ४-५ सेकंद लागतात, तेवढ्यात कुणी परत दाबलं तर पावती दोनदा निघते. दुसरं, केबल वरून येते म्हणून स्क्रीन उलटी बसवायची आहे. तिसरं, ओल्या हाताने किंवा काचेवर पाणी उडालं की बटणं आपोआप लागतात.

शेल_आणि_पाइप

दोनदा सेव्ह: काम चालू असताना आलेले टॅप पाइपमध्ये थांबून राहतात आणि काम संपल्यावर एकेक करून चालतात. प्रत्येक रेकॉर्डमध्ये वेळ असतेच. ६४ बिटवर सेकंद = पहिला आकडा + ६५५३६ × दुसरा, मायक्रोसेकंद = पाचवा + ६५५३६ × सहावा. ऑकने बटणाच्या नावासोबत हा सेकंदही छापावा. व्हाइलमध्ये, मागचं सेव्ह ज्या सेकंदाला संपलं त्याच्या आधीचा किंवा त्याच सेकंदाचा टॅप असेल तर सोडून द्या. ही वेळ घड्याळाची असते आणि पाय ४ वर आरटीसी (बंद असतानाही चालणारं घड्याळ) नाही, त्यामुळे बूटनंतर एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवणं) वेळ पुढेमागे केली तर तुलना फसते. वेळ जुळल्यावरच पॅनल सुरू करा. आणि सेव्ह चालू असताना बटण करडं दाखवा, म्हणजे माणूस दुसऱ्यांदा दाबणारच नाही.

व्हाइलच्या आत जो प्रोग्रॅम चालवता त्याचं इनपुट डेव्ह-नलवरून द्या. नाहीतर एसएसएच किंवा एफएफएमपेगसारखे प्रोग्रॅम लूपसाठी आलेल्या ओळी गिळतात आणि परत टॅप गळाल्यासारखे दिसतात.

सोल्डर२५

उलटी स्क्रीन: इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी लिबइनपुटचं (डेस्कटॉपसाठी इनपुट हाताळणारी लायब्ररी) कॅलिब्रेशन मॅट्रिक्स सुचवलेलं दिसेल, १८० अंशांसाठी 'उणे १, ०, १, ०, उणे १, १'. ते तुमच्या उपयोगाचं नाही. ते लिबइनपुट वापरणाऱ्या डेस्कटॉपला लागू होतं, तुमची स्क्रिप्ट त्याच्या खालून, थेट इव्हडेव्हमधून वाचते. दोन सरळ मार्ग आहेत. ऑकमध्ये क्ष = ७९९ − क्ष, य = ४७९ − य. किंवा कॉन्फिग-डॉट-टीएक्सटीमध्ये (बुकवर्मपासून ती /बूट/फर्मवेअर/ मध्ये आहे) व्हीसी४-केएमएस-डीएसआय-७इंच या ओव्हरलेला (हार्डवेअरची सेटिंग फाइल) इन्व्हएक्स आणि इन्व्हवाय जोडा, म्हणजे ड्रायव्हरच उलटे आकडे देईल. दोन्ही एकदम केलंत तर पुन्हा सुलटं होतं. पुढे कधी ९० अंशात उभी लावलीत तर स्वॅपएक्सवाय लागेल. तेव्हा लक्षात ठेवा, ड्रायव्हर आधी उलटवतो आणि मग अक्ष बदलतो, म्हणून इन्व्हएक्स हा स्क्रीनच्या मूळ आडव्या अक्षाला लागतो.

पाण्याचं: कपॅसिटिव्ह काचेला (स्पर्श विजेने ओळखणारी, तुमची तीच) थेंब आणि बोट यांत फारसा फरक दिसत नाही. पण थेंब सहसा 'दाबून' राहतो, लगेच उचलला जात नाही. उचलल्यावर बटण चालवायचं ठरलंय तर त्याला वेळेची चौकट घाला: ६० मिलिसेकंदांपेक्षा कमी किंवा २ सेकंदांपेक्षा जास्त दाब असेल तर सोडा. मायक्रोसेकंद रेकॉर्डमध्ये आहेतच. बटणांच्या कडेची २० पिक्सेल पट्टी निकामी ठेवा. काच उभी किंवा निदान ६० अंशांत बसवा, पाणी साचून राहणार नाही. सतत ओलाच हात असेल तर मात्र रेझिस्टिव्ह स्क्रीन हाच इलाज. तिला टीएसलिबने (टचस्क्रीनची लायब्ररी) कॅलिब्रेट करावं लागतं आणि फिल्टर केलेले इव्हेंट टीएस-यूइनपुटने नव्या डिव्हाइसवर मिळतात, तुमची स्क्रिप्ट तशीच चालेल.

पण पाण्यावर ठपका ठेवण्याआधी सप्लाय बघा. दोन पिनांच्या चार्जरमधून येणारा गोंगाट टचला थेट बाधतो. बोट टेकलेलं असताना आकडे थरथरतात किंवा भलतीकडेच बोटं उमटतात. पॅनल पॉवर बँकेवर चालवा आणि इव्हटेस्ट लावून काच कोरडी ठेवा. भुताटकी थांबली तर दोष सप्लायचा. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय घ्या आणि धातूचा डबा अर्थला जोडा. स्क्रीनही त्याच ५ व्होल्टवर असते. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' विचारल्यावर शून्याशिवाय काही आलं तर व्होल्टेज किंवा तापमान यांपैकी काहीतरी हद्दीबाहेर गेलंय. शेवटचा बिट १ असेल तर आत्ता व्होल्टेज कमी आहे, सोळावा (शेवटचा बिट शून्यावा धरून) १ असेल तर बूटपासून कधीतरी कमी झालं होतं.

कर्नलकट्टा

जाता जाता: स्क्रिप्टमध्ये इव्हेंट० असं ठोकून लिहू नका. यूएसबी कीबोर्ड किंवा बारकोड स्कॅनर लावून बूट केलं की नंबर बदलतो. यूडेव्हचा (डिव्हाइसना नावं देणारी यंत्रणा) एक नियम ९९ ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये टाका: सबसिस्टिम इनपुट, कर्नल 'इव्हेंट*', आयडी_इनपुट_टचस्क्रीन १ असेल तर सिमलिंक 'इनपुट/टचस्क्रीन', आणि टॅग 'सिस्टिमडी'. मग सर्व्हिस फाइलमध्ये रिक्वायर्स आणि आफ्टर या दोन्हींपुढे 'डेव्ह-इनपुट-टचस्क्रीन.डिव्हाइस' लिहा. ड्रायव्हर उशिरा उठला तरी स्क्रिप्ट त्याच्यासाठी थांबेल. स्क्रिप्ट रूटने चालवायची गरज नाही, युजर 'इनपुट' ग्रुपमध्ये असला की वाचता येतं.

आणि कधी स्क्रिप्टला काहीच मिळेनासं झालं तर इव्हटेस्ट उघडून बघा. दुसऱ्या प्रोसेसने डिव्हाइस ग्रॅब केलं (फक्त स्वतःपुरतं घेतलं) असेल तर ते तसं सांगतं. ग्रॅब असेपर्यंत बाकी कुणालाही एकही इव्हेंट मिळत नाही, आणि डीडी कुठलीही एरर न देता नुसतं बसून राहतं.